पाळण्यातले पाय आणि पहिला क्रमांक : ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधील ‘ड्राफ्ट’चा इतिहास

१/
नोव्हेंबर २००१. ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगमधील १६ क्लबांनी होतकरू मुलांच्या यादीतून एकेक नाव उचलण्यास सुरुवात केली. पहिले नाव ल्यूक हॉज, दुसरे ल्यूक बॉल, तिसरे ख्रिस जड. तिघेही सतरा-अठरा वर्षांचे. या तिघांचा क्रम बरोबर होता का, हा वाद ऑस्ट्रेलियात आजही मिटलेला नाही. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, असे आपण म्हणतो. ते खरोखर किती दिसतात, याचा एक मोठा प्रयोग या देशात गेली चार दशके चालू आहे. त्या प्रयोगाचा हा इतिहास. #थ्रेड

२/
प्रथम खेळाविषयी थोडेसे. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल, म्हणजे तेथील लोकांची लाडकी ‘फुटी’, क्रिकेटच्या लंबगोल मैदानावर खेळली जाते. प्रत्येक संघाचे १८ खेळाडू मैदानात असतात. चेंडूही लंबगोल. या खेळाचे लिखित नियम १८५९ मध्ये मेलबर्नमध्ये तयार झाले. ते ठरवणाऱ्यांत टॉम विल्स हा त्या काळचा नामांकित क्रिकेटपटू होता. आपल्याला कसोटी सामन्यांमुळे परिचित असलेले मेलबर्न क्रिकेट ग्राउंड हेच या खेळाचेही सर्वांत मोठे रणांगण आहे.

३/
१८९७ मध्ये व्हिक्टोरियन फुटबॉल लीगचा पहिला मोसम आठ क्लबांनिशी खेळला गेला. कार्लटन, कॉलिंगवूड, एसेंडन, फिट्झरॉय, जिलाँग, मेलबर्न, सेंट किल्डा आणि साउथ मेलबर्न हे ते आठ क्लब. त्यांतील बहुतेक मेलबर्नच्या एकेका उपनगराचे प्रतिनिधी होते. गल्लीतला मुलगा गल्लीच्या क्लबकडून खेळणार, हे जणू गृहीतच होते. पण चांगला मुलगा शेजारच्या क्लबने पैसे देऊन पळवला तर काय करायचे? या प्रश्नातूनच पुढची सारी नियमावली जन्माला आली.

४/
पहिले उत्तर होते हद्दी आखण्याचे. १९१५ पासून मेलबर्न शहर क्लबांमध्ये वाटून देण्यात आले. ज्या हद्दीत मुलगा राहतो, त्या क्लबचा त्याच्यावर पहिला हक्क. १९३० मध्ये ‘कोल्टर लॉ’ नावाच्या नियमाने खेळाडूंच्या मानधनावर मर्यादा आली. ग्रामीण व्हिक्टोरिया मात्र अनेक दशके मोकळे रान राहिले. ज्या क्लबच्या खिशात पैसा, त्याच्याकडे गावाकडचे गुणी पोर. १९६०च्या दशकाच्या अखेरीस ग्रामीण भागाचीही वाटणी झाली आणि प्रत्येक क्लबला एकेक प्रदेश मिळाला.

५/
हेतू न्यायाचा होता, परिणाम उलटा झाला. सर्व प्रदेश सारखे सुपीक नव्हते. हॉथॉर्नच्या वाट्याला मॉर्निंग्टन द्वीपकल्पाचा भाग आला, कार्लटनच्या वाट्याला बेंडिगोचा परिसर. तेथून उत्तम खेळाडूंचा ओघ सुरू झाला. इतरांच्या विहिरीला तितके पाणीच नव्हते. १९६७ ते १९८३ या १७ वर्षांतील सर्व विजेतेपदे केवळ चार क्लबांनी आपसांत वाटून घेतली : रिचमंड, कार्लटन, हॉथॉर्न आणि नॉर्थ मेलबर्न. लीगमध्ये तेव्हा १२ क्लब होते. याला हद्दींखेरीज पैसा आणि व्यवस्थापन हीही कारणे होती. तथापि जन्मगावाच्या रेषेवर क्लबांचे भवितव्य ठरते आहे, ही भावना बळावत गेली.

६/
या व्यवस्थेला खरा धक्का न्यायालयातून बसला. १९८२ मध्ये साउथ मेलबर्न हा कर्जात बुडालेला क्लब सिडनीला हलवण्यात आला. सिल्व्हिओ फॉस्किनी या तरुण खेळाडूला मेलबर्न सोडायचे नव्हते. त्याला सेंट किल्डाकडून खेळायचे होते. क्लबने त्याला मुक्त करण्यास नकार दिला. १९८३ मध्ये व्हिक्टोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की लीगचे हे नियम माणसाच्या उपजीविकेच्या स्वातंत्र्यावर अवाजवी बंधन घालतात. एका तरुणाने आपल्या शहरात राहण्याचा हट्ट धरला आणि सात दशकांची चौकट खिळखिळी झाली.

७/
आता पर्याय काय? लीगने अमेरिकेकडे पाहिले. तेथे फिलाडेल्फिया ईगल्सचा मालक बर्ट बेल याने १९३५ मध्ये एक कल्पना मांडली होती : महाविद्यालयीन खेळाडू निवडण्याची पहिली संधी सर्वांत दुबळ्या संघाला द्यावी. १९३६ मध्ये पहिला ड्राफ्ट झाला आणि पहिला क्रमांक मिळाला जे बर्वँगर याला. गंमत अशी, की हा बर्वँगर त्या व्यावसायिक लीगमध्ये एकही सामना खेळला नाही. ड्राफ्टच्या इतिहासातील पहिलीच निवड अशी वाया गेली. येऊ घातलेल्या सर्व अनिश्चिततेची ती नांदीच म्हणायची.

८/
१९८१ मध्ये व्हिक्टोरियाबाहेरील खेळाडूंपुरता एक मर्यादित ड्राफ्ट घेण्यात आला होता. पूर्ण राष्ट्रीय ड्राफ्ट सुरू झाला १९८६ मध्ये. त्याच सुमारास क्लबांच्या एकूण वेतनखर्चावरही मर्यादा आली. या दोन्ही गोष्टी एकमेकींच्या आधाराने उभ्या आहेत. केवळ ड्राफ्ट असता तर श्रीमंत क्लबांनी नंतर खेळाडू विकत घेतले असते. केवळ वेतनमर्यादा असती तर नवे रक्त पुन्हा ओळखीपाळखीच्या वाटेनेच गेले असते. १९८७ मध्ये वेस्ट कोस्ट ईगल्स आणि ब्रिस्बेन बेअर्स हे क्लब आले, १९९० मध्ये लीगचे नाव ‘ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग’ झाले आणि उपनगरांची स्पर्धा देशाची झाली.

९/
नियम ऐकायला सोपा. गुणतक्त्यात जो तळाला, तो निवडीत पहिला. विजेत्याला सर्वांत शेवटी संधी. सर्व क्लबांची एक फेरी झाली की त्याच क्रमाने दुसरी. क्लब आपला क्रमांक दुसऱ्या क्लबला देऊन त्याबदल्यात अनुभवी खेळाडू घेऊ शकतात. मुलाला मात्र क्लब निवडता येत नाही. पर्थच्या मुलाला ब्रिस्बेनने पुकारले तर सुमारे ३,६०० किलोमीटर दूर बिऱ्हाड हलवायचे. फॉस्किनीने जो हक्क मागितला होता, तोच नव्याने मर्यादित झाला. १९९१ मध्ये रग्बी लीगमधील अशाच एका ड्राफ्टला तेथील न्यायालयाने बेकायदा ठरवले. फुटबॉलमधील ड्राफ्ट टिकला. खेळाडूंच्या संघटनेबरोबर होणाऱ्या सामूहिक करारांचा त्याला आधार मिळाला.

१०/
आरंभीच्या ड्राफ्टमध्ये ‘मुले’ फारशी नव्हती. १९८६ चा पहिला क्रमांक मार्टिन लेस्ली हा पोर्ट अ‍ॅडलेडकडून वरिष्ठ स्पर्धेत खेळत होता. १९९२ मध्ये व्हिक्टोरियात १८ वर्षांखालील मुलांची स्वतंत्र स्पर्धा उभी राहिली. पूर्वी प्रत्येक क्लब आपला १९ वर्षांखालील संघ स्वतः पोसत असे. आता जिलाँग फाल्कन्स, सँडरिंगहॅम ड्रॅगन्स, बेंडिगो पायोनियर्स यांसारखे प्रादेशिक संघ मुले घडवू लागले. मोठ्या क्लबांचे काम उरले ते पारख करण्याचे. येथून ‘रिक्रूटर’ या पारख्याचे महत्त्व वाढले.

११/
हा पारखी नेमके काय पाहतो? शनिवार-रविवार तो लहान गावांतील मैदानांच्या कुंपणाशी वही घेऊन उभा असतो. उजव्या-डाव्या पायाने चेंडू कसा मारला जातो, चेंडू जवळ नसताना मुलगा कुठे धावतो, चूक झाल्यावर मान खाली घालतो की परत मागे धावतो. राज्याराज्यांच्या १८ वर्षांखालील स्पर्धेत बलाढ्य प्रतिस्पर्ध्यांसमोर तोच मुलगा पुन्हा पाहिला जातो. नंतर शिक्षक, प्रशिक्षक, आईवडील यांच्याशी बोलणे होते. घरापासून दूर राहील का, हा प्रश्न किकइतकाच महत्त्वाचा असतो.

१२/
याला जोड मिळाली मोजमापाची. १९९०च्या दशकात ड्राफ्ट कँप सुरू झाले. अनेक वर्षे ते कॅनबेरातील ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ स्पोर्टमध्ये भरत आणि २०११ पासून मेलबर्नमध्ये भरू लागले. २० मीटर धाव, उभी उडी, वळणावळणांची चपळाईची धाव, दम तपासणारी बीप चाचणी, त्वचेखालील चरबीचे माप, मानसशास्त्रीय चाचण्या आणि क्लबांच्या मुलाखती. शतांश सेकंदापर्यंत सारे मोजले जाऊ लागले. वृत्तपत्रांतून ‘फँटम ड्राफ्ट’, म्हणजे कोण कितव्या क्रमांकावर जाईल याची भाकिते, छापून येऊ लागली. मोजता येते ते अचूक मोजले गेले. प्रश्न उरला तो न मोजता येणाऱ्याचा.

१३/
पहिला अडसर वयाचा. एकाच वर्षी जन्मलेली मुले एकत्र तोलली जातात. जानेवारीत जन्मलेला मुलगा डिसेंबरात जन्मलेल्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा, आणि सतराव्या वर्षी एक वर्ष म्हणजे हाडापेराचा मोठाच फरक. ज्याचे शरीर लवकर भरले तो कनिष्ठ स्पर्धेत सर्वांना लोळवतो. पुढे इतरांची शरीरेही भरली की ती आघाडी विरून जाते. उंच खेळाडूंचे याहून अवघड. दोन मीटरच्या मुलाला आपले हातपाय ताब्यात आणायलाच काही वर्षे लागतात. मधल्या फळीतील खेळाडूविषयी अंदाज बांधणे त्या मानाने सोपे जाते.

१४/
दुसरा अडसर साच्याचा. ‘फुटबॉलपटू असा दिसतो’ हे चित्र डोक्यात असले की त्यात न बसणारा नजरेआड होतो. केलेब डॅनियलची उंची १६८ सेंटीमीटर. २०१४ च्या राष्ट्रीय कनिष्ठ स्पर्धेत तो सर्वोत्तम ठरला, तरी ड्राफ्टमध्ये त्याचे नाव ४६ व्या क्रमांकावर पुकारले गेले. दोनच वर्षांनी, २०१६ मध्ये, वेस्टर्न बुलडॉग्जने १९५४ नंतरचे आपले पहिले विजेतेपद जिंकले, तेव्हा तो त्या संघात होता. मॅट प्रिडिसला तर मुख्य ड्राफ्टमध्ये कोणीच घेतले नाही. तो ‘रूकी’ ड्राफ्ट या मागच्या दाराने आला आणि २०१४ मध्ये ब्राउनलो पदक घेऊन गेला. मोसमातील सर्वोत्तम खेळाडूला पंचांच्या मतांवर मिळणारा हा सर्वोच्च सन्मान.

१५/
उलट उदाहरणेही आहेत. १९८७ मध्ये रिचमंडने पहिल्या क्रमांकावर घेतलेला रिचर्ड लाउंडर अवघे ४ सामने खेळला. १९९० मध्ये एसेंडनने ७९ व्या क्रमांकावर उचललेला जेम्स हर्ड पुढे ब्राउनलो पदकाचा मानकरी आणि २००० च्या विजेत्या संघाचा कर्णधार झाला. अशा जोड्या सांगताना एक सावधगिरी हवी. ७९ व्या क्रमांकावरचे हर्ड मोजके असतात. त्या क्रमांकावरची बहुतेक नावे विस्मरणात जातात. वरच्या क्रमांकांतून चांगले खेळाडू अधिक निघतात, हे खरेच आहे. पारख निरर्थक नाही. ती केवळ शक्यता वाढवते, हमी देत नाही.

१६/
आता पुन्हा २००१ कडे. पहिला क्रमांक मुळात फ्रीमँटलचा होता. त्यांना तयार खेळाडू हवे होते. म्हणून त्यांनी ट्रेंट क्रोड आणि ल्यूक मॅकफार्लिन यांच्या बदल्यात १, २० आणि ३६ हे तीन क्रमांक हॉथॉर्नला दिले. हॉथॉर्नसमोर तीन नावे होती. कोलॅक गावचा, जिलाँग फाल्कन्सकडून खेळलेला हॉज. सँडरिंगहॅम ड्रॅगन्सचे दोघे : बॉल आणि जड. जडचा वेग थक्क करणारा, पण खांद्यांच्या दुखापतींचा इतिहास पाठीशी. हॉथॉर्नने हॉजला घेतले, सेंट किल्डाने बॉलला, वेस्ट कोस्टने जडला.

१७/
पुढे काय झाले? जडने २००४ मध्येच ब्राउनलो पदक जिंकले, २००६ मध्ये कर्णधार म्हणून वेस्ट कोस्टला विजेतेपद मिळवून दिले. तेव्हा सारे म्हणाले, हॉथॉर्न चुकले. २००७ च्या अखेरीस जड आपल्या मेलबर्नला परतला, कार्लटनकडे. हॉजने २००८ मध्ये विजेतेपद आणि अंतिम सामन्यातील सर्वोत्तम खेळाडूचे नॉर्म स्मिथ पदक मिळवले आणि २०१३, २०१४, २०१५ अशी सलग तीन विजेतेपदे कर्णधार म्हणून उंचावली. आता सारे म्हणाले, हॉथॉर्न बरोबर होते. निवड तीच, निकाल मात्र प्रत्येक मोसमागणिक बदलत गेला.

१८/
त्याच ड्राफ्टमध्ये खाली काय दडले होते ते पाहावे. हॉथॉर्नने फ्रीमँटलकडून आलेल्या ३६ व्या क्रमांकावर सॅम मिचेलला घेतले. आदल्या वर्षी कोणीच न निवडलेला, धिमा म्हणून नाकारलेला हा मुलगा २००८ च्या विजेत्या संघाचा कर्णधार झाला आणि २०१२ चे ब्राउनलो पदकही अखेर त्याच्या नावावर लागले. ५८ व्या क्रमांकावर कॉलिंगवूडने घेतलेला डेन स्वॉन २०११ चा ब्राउनलो विजेता. जिलाँगने जिमी बार्टेल (८), जेम्स केली (१७), स्टीव्ह जॉन्सन (२४) आणि ‘वडिलांच्या क्लबचा हक्क’ या नियमाखाली गॅरी अ‍ॅब्लेट धाकटा (४०) असे चौघे मिळवले. २००७ मध्ये या चौघांसह जिलाँगने ४४ वर्षांचा दुष्काळ संपवला. या ड्राफ्टला ‘सुपर ड्राफ्ट’ म्हणतात ते उगाच नव्हे.

१९/
निवडीतला आणखी एक जुना तिढा : सर्वांत गुणी मुलगा घ्यावा की संघाला लागणारा? भारतीय वाचकाला हा तिढा ओळखीचा वाटेल. २००८ च्या पहिल्या आयपीएलमध्ये १९ वर्षांखालील खेळाडूंची वाटणी लिलावाने नव्हे, ड्राफ्टने झाली होती. पहिली संधी दिल्लीची. फलंदाज पुरेसे असलेल्या दिल्लीने डावखुरा वेगवान गोलंदाज प्रदीप सांगवान याला घेतले. नुकताच त्याच वयोगटाचा विश्वचषक जिंकून आलेला दिल्लीचाच कर्णधार बंगळूरुकडे गेला. त्याचे नाव विराट कोहली. दिल्लीचा निर्णय त्या दिवशी तर्काला धरूनच होता, ही यातली बोचरी बाजू.

२०/
दुबळ्याला पहिली संधी देणाऱ्या नियमात एक छिद्र होते : दुबळे राहणेच फायद्याचे ठरू शकते. १९९३ पासून अतिशय वाईट खेळणाऱ्या क्लबला जादा ‘प्राधान्य क्रमांक’ मिळू लागला. नंतरच्या नियमानुसार सलग दोन मोसमांत चारपेक्षा अधिक विजय न मिळवणाऱ्याला तो थेट सर्वांच्या आधी मिळे. मेलबर्न क्लबने २००८ मध्ये ३ आणि २००९ मध्ये ४ सामने जिंकले. २००९ च्या ड्राफ्टमधील पहिले दोन्ही क्रमांक त्यांच्याकडे आले. हे सामने मुद्दाम हरले गेले का, याची चौकशी पुढे झाली. २०१३ मध्ये लीगने क्लबला मुद्दाम हरल्याबद्दल दोषी धरले नाही, तरी ५ लाख डॉलरांचा दंड केला आणि दोघा अधिकाऱ्यांना निलंबित केले. प्राधान्य क्रमांकाचा आपोआप मिळणारा हक्क तोवर रद्द झाला होता.

२१/
त्या दोन बहुमोल क्रमांकांचे फळ काय? पहिला, टॉम स्कली, दोन मोसमांनंतर नव्याने स्थापन झालेल्या ग्रेटर वेस्टर्न सिडनी क्लबकडे गेला. दुसरा, जॅक ट्रेनगोव्ह, विशीतच सहकर्णधार झाला आणि पायाच्या दुखापतीने मागे पडला. तिसऱ्या क्रमांकावर रिचमंडने घेतलेल्या, कासलमेन गावच्या डस्टिन मार्टिनने पुढे तीन नॉर्म स्मिथ पदके आणि एक ब्राउनलो पदक जिंकले. २० व्या क्रमांकावरचा नॅट फाइफ दोनदा ब्राउनलो विजेता झाला. ३० व्या क्रमांकावर एक जुने नाव होते : ल्यूक बॉल. सेंट किल्डा सोडून कॉलिंगवूडकडे आलेला बॉल पुढच्याच वर्षी विजेता ठरला, तोही अंतिम फेरीत सेंट किल्डालाच हरवून.

२२/
आणि ३४ वा क्रमांक. तोही मेलबर्नचाच. दोन मीटरहून उंच, लांबच लांब हातापायांचा मॅक्स गॉन. त्याला घडायला अनेक वर्षे लागली. २०२१ मध्ये मेलबर्नने १९६४ नंतरचे पहिले विजेतेपद जिंकले तेव्हा चषक उंचावणारा कर्णधार तोच होता. ज्या दोन क्रमांकांपायी क्लबची अब्रू चव्हाट्यावर आली, त्यांपैकी कोणीही त्या दिवशी मैदानात नव्हते. त्याच रात्री, बऱ्याच उशिरा पुकारलेले नाव होते. मात्र इतिहासाने सोपा धडा देऊ नये म्हणून हेही नोंदवावे, की त्या अंतिम सामन्यातील सर्वोत्तम खेळाडू क्रिश्चन पेट्राका हा २०१४ च्या ड्राफ्टमधील दुसरा क्रमांक होता.

२३/
२०१४ चा पहिला क्रमांक कोण? पॅडी मॅकार्टिन. सेंट किल्डाने पेट्राकाऐवजी त्याला घेतले, म्हणून ही निवड ‘चुकली’ असे म्हटले जाते. वस्तुस्थिती अशी, की डोक्याला वारंवार बसलेल्या आघातांमुळे त्याची कारकीर्द खंडित झाली. तो २०२२ मध्ये सिडनीकडून परतला, धाकटा भाऊ टॉम याच्यासोबत अंतिम सामना खेळला आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच कारणाने निवृत्त झाला. कोणत्या पारख्याच्या वहीत हे आधी लिहिता आले असते? क्रमांक हा क्लबचा निर्णय असतो. ओझे मात्र मुलाच्या खांद्यावर बसते.

२४/
२००८ चा पहिला क्रमांक जॅक वॉट्स. शाळेचे शेवटचे वर्ष चालू असतानाच २००९ मध्ये मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर, कॉलिंगवूडविरुद्धच्या गाजणाऱ्या सामन्यात त्याला उतरवले गेले. प्रतिस्पर्धी त्याच्यावर तुटून पडले. दुसऱ्या क्रमांकाच्या निक नायटानुईशी त्याची तुलना अखेरपर्यंत सुटली नाही. दीडशेहून अधिक सामने खेळलेल्या माणसाला आयुष्यभर ‘तो पहिला क्रमांक’ म्हणून ओळखले गेले. निवडीचे वय वाढवावे, ही मागणी अधूनमधून पुढे येते, तिच्यामागे असे अनुभव आहेत.

२५/
मग ड्राफ्टने साधले काय? १९६७ ते १९८३ या काळात चार क्लबांची मक्तेदारी होती. ड्राफ्टच्या युगात सिडनीने ७२ वर्षांनी (२००५), वेस्टर्न बुलडॉग्जने ६२ वर्षांनी (२०१६), रिचमंडने ३७ वर्षांनी (२०१७) आणि मेलबर्नने ५७ वर्षांनी (२०२१) विजेतेपद पाहिले. सर्वांना ते वेळेत पुरले नाही. फिट्झरॉय हा मूळ आठांतील क्लब १९९६ मध्ये ब्रिस्बेनमध्ये विलीन झाला. वडिलांच्या क्लबचा हक्क, उत्तरेकडील क्लबांच्या अकादमी यांसारख्या सवलतींनी पुन्हा असमतोल येतो, अशी तक्रार होत राहते. २०१४ मध्ये सिडनीला आयझॅक हीनी १८ व्या क्रमांकावर मिळाला, जेव्हा मेलबर्न त्याच्यासाठी दुसरा क्रमांक मोजायला तयार होते. त्यानंतर २०१५ मध्ये प्रत्येक क्रमांकाला गुणांची किंमत ठरवण्यात आली.

२६/
या साऱ्यातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. ड्राफ्ट क्लबांना समान संधी देण्यासाठी आखला गेला आणि ते काम त्याने बऱ्यापैकी केले. मुलांची किंमत ठरवणे हे त्याचे काम कधीच नव्हते. पहिला क्रमांक सांगतो तो इतकेच, की गतवर्षी कोणता क्लब तळाला होता आणि त्या क्लबला नोव्हेंबरातल्या एका दिवशी काय वाटले. प्रेक्षक आणि वृत्तपत्रे मात्र तो आकडा मुलाच्या कपाळावर वाचतात. हॉज, मिचेल, वॉट्स आणि गॉन यांच्या कहाण्या शेजारी शेजारी ठेवल्या की दिसते, पाळण्यात पाय असतातच. ते कुठवर चालत जातील हे पाळण्याला ठाऊक नसते.

(थ्रेड समाप्त)